गृहपाठाचं पाणी

कुंदा गावंडेचा आवाज राज्यातल्या लाखो बायका ओळखत होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकींनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना, बागेत संत्री तोडताना हा आवाज त्यांच्या कानाशी असे. टाकी कशी धुवायची, ब्लीचिंग पावडर किती टाकायची, डोळ्यांना नितळ दिसणाऱ्या पाण्यात काय काय विरघळलेलं असू शकतं, हे तो त्यांना सांगे. कुंदा म्हणजे अमरावतीच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्तीला टेकलेली बाई. 'जलशाळा' या फुकट आणि खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी तिने धडे बोलून दिले, आणि पुढे यंत्राने तिचा आवाजच उचलला. बोलता बोलता मध्येच घसा खाकरायच्या सवयीसकट उचलला. आता ते यंत्र तिच्या आवाजात वऱ्हाडात वऱ्हाडी बोले, धुळ्याकडे अहिराणी आणि सावंतवाडीकडे मालवणी. खऱ्या कुंदाला मालवणीत कुणाला धड जेवायलाही बोलावता आलं नसतं, पण यंत्राला कसली लाज.

जलशाळेत यायला फी नव्हती, वयाची अट नव्हती. फोन हवा, बस्स. नाव नोंदवलं की टपालाने एक कांडी घरी येई. पेन्सिलीएवढी जाड, टोकाशी संवेदक. ती पाण्यात बुडवली की पाण्यातलं नायट्रेट, फ्लोराइड, क्षार यांचे आकडे फोनवर उमटत. गृहपाठ सोपा होता. घरच्या पिण्याच्या पाण्यात कांडी बुडवायची, बुडवताना छोटासा व्हिडिओ काढायचा आणि पाठवून द्यायचा. शिकणारे लाखो आणि शिकवणारी एकटी, तेव्हा तपासणार कोण? तर परक्या गावांतले तीन सहाध्यायी. असल्या खुल्या अभ्यासक्रमांची ती जुनीच रीत होती आणि तिच्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

या गृहपाठांतून पुढचा चमत्कार घडवला साबळेने. साबळे जलशाळेचा तांत्रिक प्रमुख, वयाने कुंदाच्या मुलाएवढा, बोलायला गोड आणि आपल्या यंत्रावर लट्टू. त्याने हे सगळे आकडे एकत्र केले आणि त्यांच्या जोडीला पाऊस, खडक, पिकं, खतांची विक्री यांची माहिती यंत्राला खाऊ घातली. यंत्र त्यातले धागेदोरे स्वतःच शोधत गेलं. ज्या विहिरीत कुणी कांडी बुडवलेलीच नाही, तिचंही पाणी आज कसं असेल हे ते सांगू लागलं. सुरुवातीला नमुने ग्रामपंचायतीचा माणूस टाकीच्या नळावरून घेत असे आणि सरकारी प्रयोगशाळेत तेच नमुने पुन्हा तपासले जात. दोन्ही उत्तरं इतकी जुळली की भल्याभल्यांनी तोंडात बोटं घातली. मग नकाशा जाहीर झाला. चांगलं पाणी हिरवं, वाईट पाणी लाल. अंगणवाडीपासून सरकारी दवाखान्यापर्यंत सगळे तो बघू लागले आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळांना कुलपं लागली. नमुने आता घरोघरचे विद्यार्थीच घेत होते, मग दुहेरी खर्च कशाला, असा हिशेब होता. वऱ्हाडातला संत्र्याचा पट्टा वर्षभरात लालाचा हिरवा झाला. लोक शिकले म्हणून पाणी सुधारलं, असं भाषणांतून सांगितलं गेलं, आणि कुंदाला मनापासून अभिमान वाटला.

चैत्रात एका सकाळी तिच्या भावाचा, सुधाकरचा फोन आला. तो धामणधसला राहत होता. ते कुंदाचं माहेर.

"कुंदे, मोनालीच्या पोरीचं काही खरं नाई. ओठ काळे-निळे पडून रायले. तालुक्याच्या दवाखान्यात आनलं हाय. तू ये."

मोनाली म्हणजे सुधाकरची मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. कुंदाची लाडकी भाची. लग्नाआधी तिने जलशाळेचा अभ्यासक्रम पुरा केला होता आणि गावात सगळ्यांत जास्त गुण मिळवले होते. तिची मुलगी अजून दोन महिन्यांचीही नव्हती. बारसं सासरी व्हायचं होतं, म्हणून सगळे तिला नुसतं छकुली म्हणत.

कुंदा मिळेल त्या गाडीने निघाली. दवाखान्यात छकुलीच्या नाकावर ऑक्सिजनची नळी लावलेली होती आणि तरी तिच्या ओठांना, नखांना राखेसारखा रंग आला होता. मोनाली पाळण्याच्या दांड्याला धरून उभी होती. तिने आत्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा जरा सैलावला. आता ही आली म्हणजे काहीतरी होईल, असा तो भाव होता, आणि कुंदाला तो बघवेना.

डॉक्टर मडावी तरुण होती, रात्रभर जागलेली. ती म्हणाली, "ऑक्सिजन देऊनही रंग सुधारत नाही. हृदयाला जन्मतः छिद्र असावं. इथे ते तपासायचं यंत्र नाही, अमरावतीला न्यावं लागेल."

कुंदाच्या मनात मात्र दुसरंच काही उभं राहिलं होतं. ती रसायनशास्त्राची बाई. तान्हं मूल, बाटलीचं दूध, संत्र्याच्या बागांचं गाव आणि ऑक्सिजनला दाद न देणारा काळा-निळा रंग. तिने विचारलं, "रक्त कसं दिसलं? आणि पाण्याचं काय? नायट्रेट?"

"तेच पहिल्यांदा मनात आलं होतं, मॅडम. पण गाव टाकलं की स्क्रीन सांगते. धामणधस हिरवं आहे. तुमच्याच नकाशात." डॉक्टरच्या आवाजात टोमणा नव्हता, उलट आदर होता. "रक्त थोडं गडद वाटलं. हृदयाच्या दुखण्यातही वाटतं."

कुंदाचं समाधान झालं नाही. तिने सुधाकरला सांगितलं, "दादा, घरी जा आणि पिण्याच्या पाण्याची बाटली भरून आण. आत्ताच्या आत्ता."

गाव जवळच होतं. सुधाकर मोटारसायकलवर गेला तसा आला. बाटली स्वच्छ घासलेली होती, पाणी गार होतं. कुंदाने सगळ्यांसमोर पर्समधली कांडी त्यात बुडवली. फोनवर हिरवा ठिपका आला, नायट्रेट जवळपास नाहीच. तिने दुसऱ्यांदा बुडवली. पुन्हा हिरवा.

"कारण पाणी नाही," ती म्हणाली.

डॉक्टरने मान हलवली आणि अमरावतीच्या रुग्णालयाला फोन लावायला गेली. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती, ती परत येईपर्यंत थांबणं भाग होतं. तेवढ्यात कुंदा सुधाकरबरोबर धामणधसला निघाली. मोनालीचे कपडे, बाळाची दुपटी, बाटली, दुधाच्या पावडरचा डबा आणायचा होता. हाताला काम असलं की मन थोडं थाऱ्यावर राहतं, असंही तिला वाटलं.

घरी बेबीवहिनी एकटीच होती. रडून डोळे सुजलेले, तरी सवयीने तिने नणंदेला आधी पाटावर बसवलं आणि पाण्याचा गडू पुढे केला. उन्हातून आलेल्या कुंदाने तो एका दमात अर्धा केला. पाणी गोड होतं.

"वहिनी, लहानपणी होतं तसंच पाणी आहे अजून."

"झिऱ्याचं हाय ते," वहिनी म्हणाली. टेकडीच्या पायथ्याशी ओढ्याच्या वाळूत खड्डा करून पाझरणारं पाणी वाटीने गोळा करायचं, त्याला गावात झिरा म्हणत. "रोज एक गुंड भरून आनतो, पाहुन्यासाठी. तुमी आल्या, तुमाले का नळाचं देऊ?"

कुंदाचा हात गडूवर तसाच राहिला. "दादाने दवाखान्यात आणलं, ते?"

"त्याच माठातलं. डाक्टर लोक पायनार, तिथं का नळाचं पाठोता का कोनी? बरं दिसते का ते?"

"आणि मोनालीने गृहपाठाला कुठलं घेतलं होतं?"

"हेच तं. परक्या गावचे लोक तपासनार म्हने." वहिनीला यात काय विचारायचं तेच कळेना. "मीच म्हनलं तिले, आपल्या घरचं पानी लोकाईले दाखवाचं, तं चांगलं दाखोव. सगळ्यायनंच तसं केलं."

यात कुणाच्या मनात पाप नव्हतं. दारी आलेल्याला घरातलं चांगलं ते द्यायचं, एवढीच साधी गोष्ट. कांडी बुडवताना परकी माणसं बघणार, म्हणजे ती पाहुणीच झाली. धामणधसने पाहुण्यांना आपलं सगळ्यांत गोड पाणी पुढे केलं होतं. शेजारच्या गावांनीही केलं असणार. कुणाचा झिरा, कुणाची देवळामागची विहीर, कुणाचा विकतचा जार. आणि तालुक्यातल्या दहा-वीस गावांनी एकाच वर्षी पाहुणचार केला म्हटल्यावर यंत्र बिचारं त्यातून शिकलं की संत्र्याच्या बागांनी आता पाण्यात खत सोडणं बंद केलं आहे.

कुंदा उठून ओट्यापाशी गेली. छकुलीच्या दुधासाठी उकळलेलं पाणी पातेल्यात झाकून ठेवलं होतं. पातेलं चकचकीत घासलेलं, वर स्वच्छ फडकं बांधलेलं. तिने नळाच्या पाण्यात कांडी बुडवली. ठिपका लाल झाला. पातेल्यातल्या पाण्यात बुडवली तर आकडा त्याच्याहून वर चढला. 

बागांना घातलेला युरिया झाडं सगळा खात नाहीत. उरलेला जमिनीत नायट्रेट होतो, पाण्याबरोबर खाली झिरपतो आणि बोअरच्या वाटेने नळाला येतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाला एवढ्यातेवढ्याने लगेच काही होत नाही. पण तान्ह्या मुलाच्या पोटात आम्ल कमी असतं, तिथे वाढणारे जंतू नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि ते रक्तात उतरून तांबड्या पेशींना निकामी करतं. पेशी असतात पण त्या प्राणवायू वाहून नेत नाहीत. नळीने कितीही ऑक्सिजन सोडा, मूल आतल्या आत गुदमरत राहतं. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. उलट वाफ निघून जाते आणि नायट्रेट मागे उरतं. आमटी आटली की जास्त खारट होते, तसंच. ज्या घरात बाळाची काळजी जास्त, त्या घरात पाणी जास्त वेळ उकळत होतं.

तिने डॉक्टर मडावीला फोन लावला. "पाणीच आहे. मी चुकले. तिच्या रक्ताचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून बघा."

पलीकडे थोडा वेळ नुसते पावलांचे आवाज आले. मग डॉक्टर म्हणाली, "तपकिरी आहे. हवा लागूनही लाल होत नाही."

"मेथिलीन ब्ल्यूचं इंजेक्शन द्या. लगेच."

"नाही ना, मॅडम." डॉक्टर म्हणाली. "आपला पट्टा हिरवा झाला तेव्हा तो साठा लाल जिल्ह्यांना गेला. अमरावतीलाही नाही. औषधांचं वाटपही नकाशावरूनच होतं. नागपूरला चौकशी करते. तोपर्यंत क जीवनसत्त्व शिरेतून देते, पण ते फार सावकाश काम करतं."

नागपूरला औषध होतं. तिकडून एक गाडी औषध घेऊन निघाली आणि इकडून रुग्णवाहिका छकुलीला घेऊन निघाली. वाटेत गाठायचं ठरलं. कुंदा पुढे ड्रायव्हरजवळ बसली होती, मागे मोनाली आणि डॉक्टर. काटोलच्या अलीकडे डॉक्टरने काचेवर टकटक केलं आणि गाडी बाजूला घ्यायला सांगितली. कुंदाला वाटलं औषधाची गाडी आली असेल. रस्ता दूरपर्यंत रिकामा होता. मागून मोनालीचा आवाज आला, "डॉक्टर, तिले उन्ह लागून रायलं, पडदा ओढा ना." डॉक्टरने पडदा ओढला. आता त्याने काही फरक पडणार नव्हता, हे तिघींपैकी दोघींना माहीत होतं.

धामणधसच्या घरात चूल पेटेनाशी झाली. शेजारणी डबे आणत होत्या. मोनाली अंगणात भिंतीला टेकून बसलेली असे, हातात फोन. कुंदा तिच्याजवळ जाऊन बसली. 

"मी रोज इचारत होती ना तुले," मोनाली म्हणाली.

"मला?"

मोनालीने फोनवर बोट ठेवलं. कुंदाचाच आवाज आला, घसा खाकरून, अगदी घरच्या वऱ्हाडीत: "काळजी नको करू बाई. तुह्या गावचं पानी हिरवं हाय. तान्ह्या लेकराले झिऱ्याचं उघडं पानी नको देऊ, त्यात जंतू असतात. बोअरचं घे. चांगलं खळखळ उकळू दे."

तिने पुढचं लावलं. त्यात मोनाली विचारत होती की पोरीचा रंग कसातरीच दिसतो. आवाज म्हणाला, "डाक्टरले दाखोव. आन् पानी अजून थोडं जास्त उकळ."

"तू म्हनली तसं करत गेली मी," मोनाली म्हणाली. "माय म्हने, पोरीले झिऱ्याचंच दे, गोड हाय. मी भांडली मायसंग. म्हनलं, आत्या नाई म्हंते."

"मोनाली, नायट्रेटचा धडा होता गं. उकळू नका, असं मी स्वतः सांगितलंय त्यात. त्या धड्याला मी किती..."

"मले नाई आला तो धडा."

तो तिला आलाच नव्हता. जलशाळेचं यंत्र प्रत्येकीला तिच्या कामाचं तेवढंच शिकवे. गाव हिरवं असलं की नायट्रेटचा धडा गाळला जाई, कारण धडे लांबले की बायका कंटाळून अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडतात, हेही यंत्र शिकलं होतं. पुरा करणाऱ्यांचं प्रमाण वाढलं म्हणून कुंदाचा सत्कार झाला होता. शाल अजून कपाटात होती.

"मोनाली, माझं ऐक..." कुंदाने सुरुवात केली आणि मोनालीने दोन्ही कानांवर हात घेतले.

"तू नको बोलू. काही पन कर, पन बोलू नको. तुहा आवाज आला का मले वाटते का तिचं दूध कराची येळ झाली."

त्यानंतर कुंदा त्या घरात होती तेवढा वेळ एक शब्द बोलली नाही. निघतानाही वहिनीचा हात हातात घेतला आणि निघाली.

जाण्याआधी तिने एक काम केलं होतं. नळाच्या पाण्याचा खरा नमुना, छकुलीच्या पातेल्यातला, तिने धामणधसचा गृहपाठ म्हणून जलशाळेत पाठवला. अमरावतीला पोचेपर्यंत निकाल आला. यंत्राने तो नाकारला होता. शेजारची सगळी गावं स्वच्छ असताना एकाच गावात एवढं नायट्रेट संभवत नाही, नमुना घेताना चूक झाली असावी, पुन्हा प्रयत्न करा. तिन्ही सहाध्यायिनींनी तिला नापास केलं होतं. एकीने शेरा दिला होता की पातेलं नीट विसळून घेत जा, ताई.

जलशाळेच्या कचेरीत साबळेने सगळं ऐकून घेतलं. तो काही निर्दयी माणूस नव्हता, त्याचे डोळे भरून आले. पण त्याची बोटं टेबलावर आपोआप चालत होती, जणू यंत्राच्या बाजूने काहीतरी जुळवत होती.

"मॅडम, एका गावावरून सगळा नकाशा मोडीत कसा काढायचा? शंभरातल्या नव्वद गावांत तो बरोबरच असेल."

"हे तुला कशावरून कळलं?"

"आपल्याकडच्या नमुन्यांशी तो जुळतो ना."

"नमुने पाहुण्यांच्या माठातले आहेत, साबळे. तू माठ माठाशी जुळवतोयस."

त्याने पडद्यावरचा नकाशा मोठा केला. मग म्हणाला, "नकाशा काढला तर दवाखान्यांकडे काहीच उरत नाही. प्रयोगशाळा बंद आहेत. तिथली माणसंही राहिलेली नाहीत."

"माझा आवाज काढ मग."

"तो तुम्ही खुला दिलाय. मला आपल्या प्रतीतून काढता येईल. पण जलशाळा फुकट आणि खुली म्हणूनच इतकी पसरली, मॅडम. किती संस्थांनी, किती राज्यांनी ती उतरवून घेतली, त्याची नोंदसुद्धा आपल्याकडे नाही. तुम्ही तिथे बोलतच राहणार."

कुंदा खिडकीशी उभी राहिली. आवाज दिला तेव्हा तिला तो दानासारखा वाटला होता, आणि दान परत मागायचं नसतं, असं तिने एका मुलाखतीत हसून सांगितलंही होतं. आता तिला मुलाखतीत हसणाऱ्या त्या बाईचा संताप आला.

"एक वाक्य बदल," ती म्हणाली. "निदान आपल्या प्रतीत. 'घरच्या पिण्याच्या पाण्यात कांडी बुडवा' हे काढून टाक. त्याऐवजी विचार, 'लहान मुलाचं दूध ज्या पाण्यात करता, ते पातेलं समोर घ्या. त्यात बुडवा. हे कुणालाही दाखवलं जाणार नाही.' व्हिडिओ नको, परक्या गावचे तपासनीस नकोत. आणि तो गाळलेला धडा सगळ्यांना लाव."

"लोक कंटाळून सोडतील."

"सोडू देत."

साबळेने ते केलं, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. वरिष्ठांना न विचारता केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी संत्र्याच्या पट्ट्यातल्या सगळ्या जुन्या विद्यार्थिनींच्या फोनवर नवा गृहपाठ गेला. कुणाला दाखवायचं नव्हतं, त्यामुळे पाहुणा कुणी नव्हता, आणि बायकांनी सरळ आपापली पातेली पुढे ओढली.

दुपारपर्यंत नकाशा लाल व्हायला लागला. आधी धामणधसच्या आसपास, मग ओढ्याच्या वरच्या अंगाची गावं, मग पलीकडचा तालुका. यंत्राला आता एकमेकांशी जुळणारे आकडे मिळत होते आणि ते काल नाकारलेलं आज मुकाट्याने मान्य करत होतं. साबळे पडद्याकडे पाहत बसला होता. त्याने सरकारी खात्यांना, दवाखान्यांना पत्रं पाठवली, औषधाचा साठा मागवला. कुंदाने कानाला हेडफोन लावला. बायका यंत्राशी काय बोलतात ते तिथून ऐकता येई. आजवर तिने ते कधी ऐकलं नव्हतं, कारण आपलाच आवाज ऐकायला तिला संकोच वाटे.

मोर्शीकडच्या एका गावातली बाई होती. मागे तान्हं मूल रडत होतं.

"शाब्बास, बाई," कुंदाचा आवाज तिला म्हणाला. "तुहा गृहपाठ पुरा झाला."

"ते झालं. पन लाल आलं म्हंते. मंग लेकराले काय पाजू?"

"नायट्रेट म्हंजे काय, ते आता शिकू. हे पानी उकळू नको. उकळलं का..."

"हाव, उकळत नाई. पन पाजू काय?"

यंत्र घसा खाकरून धडा सांगू लागलं. तो कुंदाचाच धडा होता, तिने जीव ओतून तयार केलेला, आणि त्यात या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात होतं: सुरक्षित पर्यायी स्रोत वापरावा. कुंदाने बटण दाबून यंत्र थांबवलं आणि स्वतः बोलली.

"बाई, मी कुंदा गावंडे. खरी. यंत्र नाही."

"खरी रायली का खोटी रायली, मले काय करायचं. पाजू काय, ते सांग."

"अंगावर पाजता येईल का?"

"दूध आलंच नाई मले."

"दुसरं पाणी? झिरा, दुसरी विहीर?"

"झिरा आटला. विहिरी बागाईतच हायेत साऱ्या. जारवाला येते आठोड्यानं, तो बी आमच्याच बोअरचं भरून नेते."

"मी टँकरसाठी कळवते. आत्ताच कळवते."

"कवा येईन?"

कुंदाने साबळेकडे पाहिलं. नकाशावर लाल ठिपके मोजण्यापलीकडे गेले होते आणि त्या प्रत्येकासाठी टँकर कुठून येणार होता, ते त्यालाही माहीत नव्हतं. 

"सांगता येत नाही," कुंदा म्हणाली. "पण ते पाणी देऊ नका. तुमच्या पाया पडते. थोडा वेळ थांबा."

"सकाळपासून थांबलीच तं हाय मी," ती बाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. मूल एव्हाना रडून रडून आवाज बसल्यासारखं कण्हत होतं. ती त्याला काहीतरी पुटपुटत उठली असावी, कारण तिचा आवाज फोनपासून लांब गेला. फोन तिने बंद केला नव्हता. कुंदा तिला हाका मारत राहिली. पलीकडून आधी नळ सोडल्याचा आवाज आला, मग पातेलं ओट्यावर ठेवल्याचा, आणि मग गॅस पेटवल्याचा.